कुठं, ते विचारू नये

कापणीचे दिवस आले की आमच्या घरात सगळ्यांची बोटं चिरलेली असतात. भाताची पात लांबून मऊ दिसते, पण मूठ आवळून विळा ओढला की ती कातडीत शिरते. रक्त येत नाही, नुसती आग होते. मिठाला हात लागला की डोळ्यांत पाणी येतं. यंदाही माझ्या बोटांवर तशा चिरा आहेत आणि त्याच बोटांत पेन धरून मी हे लिहितेय. लिहावं की नाही, हे ठरवायला मला फार वेळ लागला. आमच्या घरात लिहिलेली गोष्ट म्हणजे अंगठा घ्यायला कुणीतरी आणलेला कागद, एवढीच ओळख होती. कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे काय लिहायचं असतं आणि काय नसतं, हे विचारायला घरात कुणी नाही.

शाळेत असताना हे दिवस मला सगळ्यांत जास्त आवडायचे. वावरातलं पाणी आटत आलेलं असायचं, बांधाच्या बिळांत चिंबोऱ्या सापडायच्या. आई आणि बा गावातल्या गोटीराम दादांच्या वावरात मजुरीने कापायला जायचे. आम्ही पोरं मागे पडलेल्या लोंब्या वेचायचो. आमची वाडी डोळखांबच्या पुढे, रानाच्या कडेला. वाडीत कुणाच्याच नावावर जमीन नाही. पण झोडणीच्या दिवशी दादांच्या खळ्यावर सगळे एका रांगेत जेवायला बसायचे आणि त्या दिवशी मला ते नाव-बिव आठवायचं नाही. भात संपलं की बा गवताच्या कामाला मुरबाडकडे जायचा. तिकडच्या माळांवर गवत छातीएवढं वाढतं. ते कापायचं, वाळवायचं, वखारीवर नेऊन दाबून बांधायचं. होळीला तो परत यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना, केसांना, अगदी बोलण्यालाही सुक्या गवताचा वास यायचा. आमचं वर्ष असं दोन तुकड्यांचं होतं. एक बा असतानाचं, एक बा नसतानाचं. दोन्ही तुकडे बरे होते, कारण मधली वाट ठरलेली होती.

आता कापणी आली की फाट्यावरून जाणं नको वाटतं. परवा शहापूरहून येणाऱ्या एसटीतून फाट्यावर उतरले. ऊन कललं होतं आणि पेंढ्याने भरलेला एक टेम्पो हळूहळू चढ चढत होता. मला मान वर करायची नव्हती. तरी झालीच. खांब होता.

हा खांब गेल्या वर्षी कापणीच्या तोंडावर बसला. पावसाळ्यात खड्डा खणून ठेवलेला होता, तेव्हा आम्हाला वाटलं दिवा येणार. आई म्हणाली, बरं झालं, अंधारात जनावर दिसेल. मग एक दिवस पांढऱ्या कपाळासारखी एक पेटी वर चढली, तिच्यावर उन्हावर वीज करणारी पाटी, आणि खाली काळा गोल डोळा. फाट्याच्या एका बाजूला टेकाडावर बंगले झालेत, तिथे शनिवार-रविवारी शहरातली माणसं येतात. दुसऱ्या बाजूला आमच्या वाडीची पायवाट. डोळ्याचं तोंड बंगल्यांकडे नव्हतं. ते आमच्या पायवाटेकडे होतं.

हा कॅमेरा माणसाचा चेहरा ओळखतो, असं पंचायतीच्या शिपायाने सांगितलं. ते तो कौतुकाने सांगत होता. एकदा पाहिलेलं तोंड तो विसरत नाही, म्हणाला. माझ्या ठमी आत्याने विचारलं, "मंग माज्या नवऱ्याला शोधून दे की. बारा वर्सं झाली पळून." सगळे हसले. मीही हसले. तेव्हा हसता येत होतं.

एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे घरातून निघालेल्या माणसाला 'कुठं' असं विचारत नाहीत. शहापूरच्या माझ्या मैत्रिणी म्हणतात, त्यांच्याकडेही तसंच आहे, 'कुठे' विचारलं तर काम होत नाही, म्हणून 'लांब का?' असं विचारतात. आमच्या गावातले शेतकरीही ते पाळतात. पण वाडीत ते फार कडक आहे. निघालेल्याला 'जाऊन ये' म्हणायचं. परत आलेल्याला 'आलास का' म्हणायचं. मधलं त्याचं त्याच्यापाशी. चुकून कुणी विचारलंच, तर निघालेला माणूस मागे फिरतो, उंबऱ्याशी टेकतो, घोटभर पाणी पितो, आणि मग नव्याने निघतो. पहिलं निघणं वाया गेलं, असं धरतात.

रानातून आणलेल्या वस्तूचंही तसंच. बा या दिवसांत करांदे खणायला जातो. वेल सुकायला लागला की खाली कंद भरलेला असतो, पण वेल सुकला की तो दिसतही नाही. त्यामुळे पावसाळ्यात पाहून ठेवलेली जागा ज्याची त्याच्याच डोक्यात राहते. ती जागा तो आईलाही सांगत नाही. सांगितली तर पुढल्या वर्षी वेल खाली काही धरत नाही, असं तो मानतो. येताना टोपलीवर सागाची पानं झाकायची. कुणी विचारलंच काय आणलंस, तर म्हणायचं, "रान." ऐकणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. संध्याकाळी करांदे उकडले की पहिली वाटी त्या विचारणाऱ्याच्याच घरी जाते.

माझी एक वाशिंदची मैत्रीण आहे. आमच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात मूलभूत हक्कांचा धडा आहे, त्यात खाजगीपणाचा हक्क येतो. अभ्यास करताना ती मला म्हणाली होती, "तुमच्या वाडीत एका कुडातलं बोलणं दुसऱ्या कुडात ऐकू येतं. तुला हा धडा कसा समजणार?" ती वाईट हेतूने म्हणाली नाही. मला उत्तर सुचलं नव्हतं. खरंच आमच्याकडे कारवीच्या काड्यांच्या कुडातून शेजारच्याची खोकल्याची उबळ ऐकू येते, भांडण ऐकू येतं, कढईतलं वाटण कळतं. दाराला कडी आहे, कुलूप नाही. मी घरी येऊन बराच वेळ त्या कुडाकडे पाहत बसले होते. मला त्या धड्याची लाज वाटली की घराची, ते सांगता येत नाही.

त्याच धड्यावर परीक्षेत प्रश्न आला. मी शहापूरला बसून उत्तर लिहीत होते आणि बा चौकीत बसला होता. हे मला नंतर कळलं. पेपर बरा गेला म्हणून मी खुशीत फाट्यावर उतरले, तर आई खांबाच्या बुडाशी बसलेली. तिच्या कमरेला विळा तसाच खोचलेला होता.

"बाला नेला गो," ती म्हणाली.

टेकाडावरच्या एका बंगल्यातून पाण्याची मोटार चोरीला गेली होती. बंगल्याच्या फाटकावर त्यांचा स्वतःचा एक कॅमेरा होता, त्यात डोक्याला आणि तोंडाला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस दिसला होता. फाट्यावरच्या खांबाने त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या पायवाटेवर बाला टिपलं होतं, डोक्यावर पानांनी झाकलेली टोपली. कॉम्प्युटर म्हणाला, दोन्ही माणसं एकच. आणि तो माणूस म्हणजे लहू, माझा बा, हे त्याला कुठून कळलं, हे आम्हाला आजही कळलेलं नाही. फक्त आदल्या उन्हाळ्यात वाडीत कसल्याशा कार्डासाठी सगळ्यांचे फोटो काढायला माणसं आली होती, एवढं आठवतं. बायांनी केस विंचरले होते. बाने माझ्या भावाचा शर्ट घातला होता. फोटो चांगला यावा म्हणून.

चौकीत हवालदारांनी मला कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. ते काही वाईट बोलले नाहीत. उलट, शिकलेली पोरगी आलीय तर बरं झालं, असा त्यांचा सूर होता. एका चौकटीत बा होता. तो खरोखरच बा होता, त्याची ती एका बाजूला झुकती चाल मी कुठेही ओळखेन. दुसऱ्या चौकटीत टॉवेलातून डोळे तेवढे दिसणारा कुणीतरी. कापणीच्या दिवसांत अर्धा तालुका तसाच टॉवेल बांधतो. भाताचं कुसळ नाका-तोंडात गेलं की खोकून जीव जातो. मी ते सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या बापाला विचारलं टोपलीत काय होतं. काय म्हणाला माहितीय?"

मला माहीत होतं.

"रान म्हणाला," ते म्हणाले. "आमची मस्करी करतो. कुठनं येत होतास विचारलं, तर गप. ज्याने काय केलं नाय तो गप कशाला बसंल?"

मी बाकडे पाहिलं. तो भिंतीशी उकिडवा बसला होता आणि स्वतःच्या अंगठ्याच्या नखातली माती काढत होता. करांद्याची जागा सांगितली असती, तर कुणीतरी जाऊन खणलेली माती पाहिली असती आणि तो त्या दिवशी कुठे होता ते कळलं असतं. मी त्याच्या जवळ बसले आणि हळू आवाजात म्हटलं की एकदाच सांग, मी वेलाची माफी मागेन. त्याने मान हलवली. मग माझ्यापेक्षाही हळू आवाजात म्हणाला, "वेलाचा नाय गो. ती जागा सांगितली तर रानात कशाला घुसलास म्हणून जंगलखात्याकडनं नेतील."

म्हणजे त्याला भीती माझ्यापेक्षा जास्त नीट कळत होती. त्यानंतर मी त्याला काही सांगायला गेले नाही.

संध्याकाळी त्याला सोडलं. पण सोडताना सांगितलं, तालुका सोडायचा नाही. बाजाराच्या दिवशी येऊन तोंड दाखवून जायचं. मुरबाड दुसऱ्या तालुक्यात. गवताचे दिवस तोंडावर आलेले, आणि वखारीचा मुकादम वाट पाहत थांबत नाही. बा गेला नाही तर होळीपर्यंत घरात काय शिजणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

तो महिना मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. आई चुलीत लाकूड सारता सारता दाराकडे पाहायची. बा पायवाटेने न जाता नाल्यातून वळसा घालून वावरात जायचा, म्हणजे खांब लागू नये. मग कुणीतरी म्हणालं, लपून जातो म्हणून जास्त संशय येईल, तेव्हा तो परत पायवाटेने जायला लागला, पण चेहरा कसा ठेवायचा हे त्याला कळेना. सरळ पाहिलं तर माजोरी, खाली पाहिलं तर चोर. वावरात त्याने टॉवेल बांधणं सोडलं. दिवसभर कुसळ खाऊन तो खोकायचा, आणि ते कुडातून आख्ख्या वाडीला ऐकू यायचं.

आणि एक सकाळ आठवते. बा टोपली घेऊन निघाला होता. आईने दारातून हाक मारली, "कुठं चाललास?"

तिला स्वतःलाच ते कळलं नसावं. शब्द तोंडातून गेले आणि ती हात ओठांवर ठेवून उभी राहिली. तिला भीती होती, एवढंच. परत कुणी न्यायला आलं तर निदान आपल्याला सांगता यावं, असं तिला वाटलं असणार. बा थांबला. मागे फिरला. उंबऱ्याशी बसला, मी दिलेलं पाणी प्याला. मी वाट पाहत होते की आता तो उठेल आणि नव्याने निघेल. तो उठलाच नाही. टोपली तिथेच उलटी करून ठेवली आणि त्या दिवशी तो रानात गेला नाही. त्यानंतरही बरेच दिवस गेला नाही. त्या वर्षीचे उरलेले करांदे जमिनीतच राहिले.

मला तेव्हा मैत्रिणीला द्यायचं उत्तर सापडलं, पण ते इतकं उशिरा आणि इतकं कडू होतं की मी तिला सांगितलं नाही. आमच्याकडे भिंती नव्हत्या, हे खरं. पण भिंतीचं काम न विचारणं करत होतं. सगळं ऐकू येतं अशा ठिकाणी माणसं एकमेकांना एवढी जागा ठेवतात, की मधलं ज्याचं त्याच्यापाशी राहतं. ती जागा खांबाने नेली, आणि नंतर आमच्याच तोंडून नेली.

वैशालीताई आमच्या कॉलेजात एकदा बोलायला आल्या होत्या. त्या कल्याणला वकिली करतात, आणि सरकारने बसवलेल्या अशा कॅमेऱ्यांबद्दल, फोटोंबद्दल प्रश्न विचारणारा त्यांचा एक छोटा गट आहे. भाषणाच्या वेळी मी शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांनी फळ्यावर नंबर लिहिला तेव्हा तो कशाला लागणार असं वाटलं होतं, तरी उतरवून घेतला. आता त्याच नंबरवर फोन केला. त्या एसटीने आल्या, आमच्या अंगणात बसून कोरा चहा प्याल्या आणि बाला पहिला प्रश्न विचारला तो असा, की तालुका सोडू नको हे लिहून दिलंय का?

लिहून काहीच दिलं नव्हतं.

"मग तो हुकूम नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं बोलणं आहे. दादा, तुम्ही कामाला जाऊ शकता. मी चौकीला तसं पत्र देते, उत्तर मला द्या म्हणून."

बाने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "बाई, तुमचा कायदा कल्यानला असतो. हिकडं हवालदार असतो."

वैशालीताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, खरं आहे. म्हणून पत्राबरोबर ग्रामसभाही हवी. हा खांब लावताना ग्रामसभेला विचारलं होतं का? तो काय काय टिपतो, ते कोण बघतं, किती दिवस ठेवतं, चुकला तर कुणाला जाब विचारायचा? आणि हे मी विचारून उपयोग नाही, इथल्या कुणीतरी विचारायला हवं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला अजून आठवतं, मी कोंबडीला हाकलायच्या निमित्ताने उठून गेले होते.

ग्रामसभेच्या आधी आत्याने आपलं एक काढलं. ते वैशालीताईंनाही माहीत नव्हतं. कापणीवरून परतताना वाडीच्या चार-पाच बाया खांबाच्या सावलीत बसल्या, भाकरी सोडली, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागल्या, "कुठं चाललास?"

पहिला दूधवाला होता, तो गोंधळला आणि सांगून गेला. मग किन्हवलीच्या बाजाराला निघालेल्या दोघी शेतकरणी वैतागल्या. सरपंच फटफटीवरून आले, त्यांना आत्याने हात करून थांबवलं आणि विचारलं. ते बाजूने फटफटी काढून गेले. आणि मग गोटीराम दादांची जीप आली. दादा मुलासाठी मुलगी बघायला निघाले होते. धुतलेलं धोतर, मागे बाया नटलेल्या, मांडीवर नारळ. जीप वळणावर हळू झाली तशी आत्या उभी राहिली.

"दादा, कुठं चाललात?"

जीप थांबली. दादा उतरले. अशा कामाला निघालेल्याला असं विचारतात का, तुझी अक्कल कुठं गेली, असं ते बरंच बोलले. आत्या ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मी येकदा विचारला, दादा. ह्यो वरचा रोज विचारतो. तुमाला बी विचारतो. तुमाला आयकू येत नाय, येवढाच."

दादांनी वर पाहिलं. मग ते खरंच रस्त्याकडेच्या दगडावर टेकले. मी बाटली पुढे केली, त्यातलं घोटभर पाणी प्याले. जीपमधल्या बायाही उतरल्या, बसल्या, प्याल्या. मग सगळे नव्याने निघाले. मला भीती वाटली की आता दादा बाला कामावरून काढतील. त्या दिवसांत मला प्रत्येक गोष्टीची भीतीच वाटत होती.

ग्रामसभा शाळेच्या ओसरीवर भरली. मी प्रश्न पाठ केले होते. उभी राहिले तर पाठ केलेलं सगळं गेलं आणि एकच उरलं. "हा खांब लावताना ग्रामसभेला विचारलं होतं का?" माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

सरपंच म्हणाले, बाई, हे सगळ्यांच्या सुरक्षेसाठी आहे, वरून आलेलं आहे. ज्याने काही केलं नाही त्याने कशाला भ्यायचं?

मागून आत्या म्हणाली, "सरपंच, त्या दिशी दुपारी फटफटीवर कुठं गेलेलास?"

लोक हसले. सरपंच लाल झाले. "ते माझं काम होतं."

"मंग आमचा बी कामच होता," आत्या म्हणाली आणि खाली बसली.

तेव्हा गोटीराम दादा उठले. मी डोळे मिटून घेतले. दादा सावकाश बोलतात. म्हणाले, या बाईने मला विचारलं तेव्हा मला भयंकर राग आला, अजून आहे. पण दगडावर बसून पाणी पिताना वर बघितलं तर त्याचं तोंड माझ्याकडेच. मला राग एका प्रश्नाचा आला, आणि हा लहू महिनाभर तेच झेलतोय. "तो माझ्या वावरात बापाच्या वेळेपासून कापतो. काय विचारायचं तर मला विचारा. यंत्राला काय विचारता?"

ठराव झाला. सगळी उत्तरं ग्रामसभेसमोर येईपर्यंत कॅमेरा झाकून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी शिपायाने शिडी लावली आणि पेटीवर गोणपाट बांधलं, सुतळीने घट्ट. खालून पाहताना मला बाच्या टोपलीवरची सागाची पानं आठवली. चौकीचं बोलावणंही बंद झालं. बंद झालं असं कुणी सांगितलं नाही, मोटारीचं काय झालं तेही नाही. एका बाजारच्या दिवशी बा गेला नाही आणि कुणी न्यायला आलं नाही, त्यावरून आम्ही समजायचं ते समजलो. गवताचे अर्धे दिवस संपले होते. बा मुरबाडला गेला. पण जाताना तो वाडीतल्या प्रत्येक दारात थांबला आणि न विचारता सांगत गेला, मुरबाडला चाललोय, अमक्याच्या वखारीवर, गवताला. वखारीवरून तो शेजाऱ्याच्या फोनवर फोन करायचा तेव्हा आधी कसे आहात हे विचारायचा नाही. आधी तो कुठे उभा आहे ते सांगायचा.

आत्या म्हणते, तिच्या आजाच्या वेळी आमच्या माणसांना गाव सोडायचं तर पाटलाला सांगून जावं लागे. रोज हजेरी द्यावी लागे. खरं-खोटं मला माहीत नाही. पण कधी कधी वाटतं, आमचं ते 'कुठं' न विचारणं शकुनातून आलंच नसेल. माहीत नसलं की सांगता येत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचा ठावठिकाणा आपल्याला ठाऊकच नसावा, म्हणजे कुणी दरडावलं तरी तोंडातून जाणार नाही. कुणीतरी फार घाबरून आणि फार मायेने तो नियम केला असेल. आमचं पुस्तक ज्याला हक्क म्हणतं, ते आमच्याकडे असं आलं असेल. मला खात्री नाही. परीक्षेत मी असं लिहू शकले नसते.

परवा फाट्यावर मान वर झाली तेव्हा पाहिलं, पावसाने गोणपाट कुजलंय. एका बाजूने फाटून लोंबतंय आणि त्यातून काळा डोळा अर्धा दिसतो. तो चालू आहे की बंद, कुणालाच ठाऊक नाही. उत्तरं आलेली नाहीत. वैशालीताईंनी पुन्हा पत्र दिलंय, पुढच्या ग्रामसभेत मला पुन्हा उभं राहायचंय, आणि आत्तापासून मी प्रश्न पाठ करतेय.

काल सकाळी बाने टोपली काढली. वर्षभरानंतर. मी ओट्यावर अभ्यासाला बसले होते, आई वावरात गेलेली. त्याने कमरेला कोयता खोचला, खणायची काठी घेतली, अंगणाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला. मागे वळला. कुणी विचारलं नव्हतं.

"पोरी," तो म्हणाला, "मी तिकडं वरच्या..."

"बा," मी म्हटलं, "सांगू नको. जाऊन ये."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान डोलावली आणि निघाला. पुढे वाट फुटते, एक नाल्याकडे, एक वर डोंगराकडे, एक फाट्याकडे. मी उठून त्या सगळ्या वाटांकडे पाठ करून बसले, तो कुठल्या वाटेला लागला ते मला दिसू नये म्हणून. पुस्तक उघडं होतं, पण एकही ओळ डोक्यात शिरली नाही. ऊन कलेपर्यंत मी तशीच बसून होते. मग मागे पानांची सळसळ झाली.

"आलास का?" मी विचारलं, आणि मग वळले.